यजमानाचा घास

माझा थोरला भाऊ रादिसाव तांबट होता. आमच्या खोऱ्यात राकिया, म्हणजे फळांची दारू, गाळायचे जे तांब्याचे हंडे आहेत, त्यातले निम्मे त्याच्या हातोडीखालून गेलेले. बोलायला तुसडा, पण हात देखणा. त्याच हाताला कापरं भरलं, तेव्हा गाव म्हणालं, फार पितो. तो थेंबालाही शिवत नसे. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

निश शहरातल्या डॉक्टरणीपुढे आम्ही तिघं बसलो होतो: दादा, मी आणि व्हिएन्नाहून आलेला त्याचा मुलगा नेबोयशा. तिने नीट समजावलं. मेंदूतल्या पेशी रसायनाच्या हाती एकमेकींना निरोप धाडतात. हातपाय हलवायचा निरोप नेणारं डोपामिन ज्या पेशी बनवतात, त्या दादाच्या डोक्यात मरत चालल्या होत्या. गोळीतून त्याचा कच्चा माल मिळणार होता.

“पण गोळीच्या वेळेला मांस नको,” ती म्हणाली. “मांसातलं प्रोटीन आणि गोळी एकाच दाराने मेंदूत शिरतात. दारात गर्दी झाली, की गोळी बाहेरच राहते.”

“खाल्लंच तर काय होईल?” हे नेबोयशाने विचारलं.

“पाय जागीच खिळतील.”

दादाने पथ्य पाळलं. दिवसभर बटाटे, पाव, मध. मांस फक्त रात्री, निजायच्या आधी.

वसंतात आमच्या घराच्या संताचा दिवस आला, स्लावा. नेबोयशा आदल्या दिवशीच येऊन म्हणाला, “बाबा, स्लावा आता माझ्याकडे द्या. घर विकून टाकू. तुम्हाला झेपत नाही.”

“उद्या मेणबत्ती विझवेपर्यंत उभा राहिलो, तर घर राहील,” दादा म्हणाला. “बसलो, तर ने सगळं.”

त्या दिवशी पाहुणे बसतात, यजमान बसत नाही. तो उभ्याने वाढतो, ओततो आणि संध्याकाळी वाईनने मेणबत्ती विझवतो. दादा सकाळपासून उभा होता, ग्लास भरत होता, एक थेंब सांडला नाही. मला इतकं बरं वाटत होतं, की मी उगाच सगळ्यांवर खेकसत होते.

“यजमान, कोकरू इतकं बिघडलंय का, की स्वतः तोंडही लावत नाहीस?” शेजारच्या स्वेतोझारने टोमणा मारला.

“तुझ्यासाठी राखलंय. तुझ्या घरी कुठे मिळतं?” दादा म्हणाला, आणि टेबल हसलं.

मी रस्सा आणायला आत गेले. परत आले तेव्हा नेबोयशा बापासमोर उभा होता, बोटांत बरगडीचा तुकडा. “बाबा, माझ्या हातचा एक घास.” मग दुसरा. मग तिसरा. मी पोचेपर्यंत हाड साफ झालं होतं.

दुपारची गोळी दादाने वेळेवर घेतली. तिचा काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी वाईनचा ग्लास घेऊन तो मेणबत्तीकडे निघाला आणि खोलीच्या उंबऱ्यावर पाय खिळले. वाईन सदऱ्यावर सांडली. पाहुणे आपापल्या ताटात बघू लागले. स्वेतोझारनेच खुर्ची आणली आणि दादा बसला. नेबोयशाने बापाच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि मेणबत्ती विझवली.

मी त्याला अंगणात गाठलं. “तुला ठाऊक होतं. तूच विचारलं होतंस.”

“विसरलो गं आत्या,” तो गाडीच्या किल्ल्या चाचपत म्हणाला.

आत येऊन मी सगळ्यांसमोर बोलणार, तोच दादाने माझं मनगट धरलं. “गप बस, मिलुनका.”

“तू तरी का खाल्लंस?”

“त्याच्या बोटांत काय आहे, ते दिसत होतं मला,” तो म्हणाला. “पण त्याची आई मेल्यापासून त्याने कधी मला हातही लावला नव्हता. भरवायला आला, तर तोंड फिरवू?”

शरदात घर विकलं. दादा व्हिएन्नाला आहे. सून फोनवर सांगते, की दिवसा दादाच्या ताटात मांस येऊच देत नाहीत. नेबोयशा त्याबाबतीत फार कडक आहे.