कापूस वेचण्याविषयी लेखकाचे मत

आधी माफी मागतो. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नाही. बारावीपर्यंत माझं इंग्रजी वाचन बियाण्यांच्या पिशव्यांपुरतंच होतं. अशा माणसानं वाचनाविषयी लिहावं, हे जरा जास्तच होतं. पण ज्या विषयात आपण आपटलेलो असतो, तो विषय नीट आठवतो, एवढाच माझा आधार.

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या वर्षी जीवशास्त्रानं मला तारलं आणि इंग्रजीच्या उताऱ्यांनी बुडवलं. बाबांनी आणखी एक वर्ष दिलं. यंदाही जागा मिळाली नाही, तर पांढरकवड्याला हायवेवर मामाच्या टायरच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं. मामा उत्साही माणूस. त्यानं माझ्यासाठी स्टूल आणूनही ठेवला.

म्हणून तालुक्याला क्लास लावला. शिकवायला एक रिटायर झालेले इंग्रजीचे सर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी कापसावरचा उतारा दिला. हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात कापूस वेचणं हे हलकं आणि आनंदाचं काम आहे, असं त्यात म्हटलं होतं. खाली प्रश्न होता : लेखकाच्या मते कापूस वेचणं कसं काम आहे? आम्ही सगळी कापूसवाल्यांची पोरं. कोणाशी न बोलता, कोणाचं न पाहता, अख्ख्या वर्गानं एकच पर्याय निवडला : कंबर मोडणारं.

सरांनी सगळ्यांना शून्य दिलं. झरी जामणीकडचा माझा मित्र, घरी कोलामी बोलणारा, उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, "सर, लेखकानं कापसाची एखादी ओळ तरी वेचली होती काय?"

सर हसले नाहीत. म्हणाले, "आपली अक्कल बाहेर चपलेपाशी ठेवून आत येत जा. उताऱ्यात आहे तेवढंच खरं. घरी जाताना उचलून न्या, कोणी चोरणार नाही."

आमचा रोग सरांनी बरोबर ओळखला होता. आम्ही उतारा वाचत नव्हतो, त्याच्याशी भांडत होतो. त्यावर उपाय मित्रानं शोधला. आम्ही एकाच एसटीनं ये-जा करायचो. पुढच्या सीटवरचं बोलणं म्हणजे उतारा समजायचं, त्यावर हळूच प्रश्न काढायचा, आणि उत्तरात पदरचं काही घालायचं नाही. हे फार अवघड होतं, कारण गाडीतल्या निम्म्या लोकांच्या घरची भांडणं आम्हाला पाठ होती. एक काका सोयऱ्यांच्या लग्नाला तब्येतीमुळे गेलो नाही म्हणाले. आहेरावरून त्यांचं बिनसलं होतं हे मला माहीत होतं, तरी मन घट्ट करून मी उत्तर दिलं : तब्येत.

पुढे एक अंगणवाडीच्या मावशी बसायच्या. त्या खिडकीबाहेर बघत असायच्या, म्हणून आम्ही बेफिकीर होतो. एक दिवस त्या वळल्या आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता मी पुसतो, तुम्ही सांगा. दोन पोट्टे रोज मांगं बसून लोकाइच्या घरच्या गोष्टी ऐकून राह्यले. यावरून काय समजते? एक, पोट्टे चोर हायेत. दोन, पोलिसाइचे माणसं हायेत. तीन, दोघाइले बायको पायजे."

मित्र चाचरत म्हणाला, "चार, दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही."

"चार, दोघाइच्या मायले सांगा लागते."

गाडी हसली. आम्ही खाली माना घालून खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून मावशी स्वतःच उतारे देऊ लागल्या. नणंदेची एखादी गोष्ट अर्ध्यावर थांबवून प्रश्न विचारायच्या. आम्ही उत्साहानं नणंदेवर जास्तीचं काही बोललो, की म्हणायच्या, "म्या हे म्हटलं काय?" तेवढ्यावर आम्ही सुधारत गेलो.

हा नवा रोग मग घरात शिरला. बाबा कुठे गेले असं शेजारच्या काकूंनी विचारलं, तर आई चुलीपुढून मान वर न करता म्हणायची, "दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही." एकदा बाबांनी मला विचारलं, यंदा होईल काय तुझं? मीही तेच उत्तर दिलं. ते म्हणाले, "तुया मामाचा स्टूल तं हायेच." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

परीक्षेत उतारा आला एकत्र कुटुंबावर. एकत्र कुटुंबात सगळे निर्णय सर्वांच्या संमतीनं होतात, असं लेखक म्हणत होता. आमच्याकडे एका विहिरीच्या भांडणावरून तीन काका तीन वाटांनी शेतात जातात. मला हसू आलं. पर्यवेक्षिका माझ्याकडे बघू लागल्या. मी ओठ दाबले आणि लेखकाच्या बाजूनं मत दिलं.

नंतर नुसतं वाट पाहणं होतं. यादीची तारीख पुढे ढकलली. मामाचे दोन फोन येऊन गेले. यादी लागली त्या दिवशी मी सोयाबीनमधलं तण काढायला बैलांमागे डवरा हाकत होतो आणि माझा फोन घरी चार्जिंगला होता. बाबा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून चालत आले. डवरा थांबव म्हणाले नाहीत, सोबत चालू लागले.

"तुया दोस्ताचा फोन आलता," ते म्हणाले. "तुमचं दोघाइचं झालं. यवतमाळच्या कॉलेजात. अन् तुले इंग्रजीत बायलॉजीपेक्षा जास्त मार्क हायेत म्हणते."