पाण्याचं वाळवण

मी आणि माझ्या बायकोनं, चंद्रकलानं, मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाण्यानं भरलेली एक निळी बादली गच्चीवर नेणं. नेली मी. ती मागून दोन पायऱ्या सोडून येत होती आणि "सांडू नका, सांडू नका" म्हणत होती. मी दर पायरीला एक शिवी घालत होतो. शिव्या पायऱ्यांना होत्या, पण ऐकायला तीच होती.

"अठरा पायऱ्या आहेत!" वर पोचल्यावर मी म्हणालो.

"मोजल्या का? बरं झालं," ती म्हणाली. "तेवढंच तुमच्या हाताला काम."

गारखेड्यात आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. तो आला की बायका आधी घरातलं जुनं पाणी ओतून देतात, ड्रम-कळश्या घासतात आणि ताजं भरतात. शिळं पाणी घरात ठेवणं म्हणजे आळशी बाईचं लक्षण. आमची ही मात्र ताज्यातली पहिली बादली मला गच्चीवर न्यायला लावायची, उन्हात ठेवायची आणि वर जुन्या लुगड्याचं फडकं ताणून बांधायची. दोन-तीन दिवसांनी तेच पाणी तांब्यानं खाली आणून माशाच्या हंडीत घालायची. काचेची हंडी, आणि तिच्यात एक बोटभर लांबीचा लाल गोल्डफिश. घरातलं सगळ्यात लाडकं माणूस ते.

"लोक पापडांचं वाळवण घालतात, कुरडयांचं घालतात," मी त्या दिवशी म्हणालो. "आमच्याकडं पाण्याचं वाळवण."

"व्हय, वाळवणच. झालं बोलून? आता टेकवा खाली. हळू."

"कशासाठी असतं हे, ते तरी सांग."

"तुम्हाला नाय कळायचं."

सहा वर्षं हेच उत्तर. दुसऱ्या दिवशी दुपारी मेथी निवडता निवडता ती भिंतीला टेकली, ती टेकलीच. अर्धी जुडी निवडून झालेली होती.

मी लासूर स्टेशनच्या बाजारात मापाडी होतो. शिक्षण चौथी. शेंगांचं पोतं नुसतं हलवून वजन सांगायचो आणि काट्यावर घातलं की अर्ध्या किलोचाही फरक निघायचा नाही. त्यामुळं आपल्याला जगातलं सगळंच कळतं असा माझा समज झाला, आणि चंद्रकलानं तो पंचेचाळीस वर्षं मोडला नाही. तोंडाचा मी फटकळ. व्यापारी, हमाल, जावई, कुणाला सोडलं नाही, मग घरातल्या बाईला कशाला सोडीन? भाकरी जाड झाली तर जाड म्हणायचो, पातळ झाली तर कालची बरी होती म्हणायचो. ती उलट बोलायची नाही. माझं संपेपर्यंत थांबायची आणि म्हणायची, "झालं बोलून? आता जेवा." हे तिचे शब्द पोत्यात भरले असते तर ट्रक लागला असता.

दिसायला बुटकी, कष्टाची. चष्म्याची एक काडी तुटलेली, ती दोऱ्यानं बांधलेली. नवी काडी बसवून घे म्हटलं तर नको म्हणायची, पण दोऱ्याचा रंग रोज लुगड्याप्रमाणं बदललेला असायचा. एवढी हौस त्या बाईला होती, हे मला दिसत होतं. त्यावरही मी दात काढायचो.

मुलगी सुमन लग्न होऊन पुण्याला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. एक दिवस चंद्रकला शहागंजला बांगड्या भरायला म्हणून गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत मासा घेऊन आली.

"बांगड्या कुठंयत?"

"नाय भरल्या."

"आणि हे काय?"

"घरात काहीतरी हलतं पाहिजे."

"मी हलतो की."

"तुम्ही बोलता. हलत नाय."

माशाला नाव ठेवलं नाही. त्याला ती "ए" म्हणायची, मला "अहो". आमच्या दोघांत एवढाच फरक, आणि खायला आधी त्याला. मला मात्र दाणे टाकू द्यायची नाही. "तुमच्या चिमटीत पायली मावते," म्हणायची. मी पाहुण्यांपुढं फुशारकी मारायचो, "सहा वर्षांचा मासा आहे. आमच्या घरचं पाणीच तसं." असं म्हणालो की तिला नेमकं आत काहीतरी काम निघायचं.

दहाव्याला आम्ही कायगावला नदीकाठी गेलो. पिंड ठेवले. कावळे समोरच्या लिंबावर बसलेले, पण एक खाली उतरेना. सुमन हात जोडून म्हणाली, "आई, बाबांना मी एकटं पडू देणार नाही." कावळे जागेवर. माझ्या भावानं काहीतरी कबूल केलं, भावजयीनं केलं. कावळे माना वाकड्या करून ऐकत होते. गुरुजी घड्याळ बघायला लागले आणि बाकीचे सगळे माझ्याकडं. मला जन्मभर बोलण्याशिवाय दुसरं काही आलं नाही, आणि त्या दिवशी नेमकं बोलणंच येईना. शेवटी वैतागून म्हणालो, "बरं बाई, तुझा मासा मरू देणार नाही. हाच मासा. झालं का आता?"

कावळा उतरला. एक नाही, तीन उतरले.

"मामा, आता तुमची सुटका नाही," जावई कानात म्हणाला.

घरी आलो तर दारात नळ आलेला. सुतक फिटलं म्हणून सुमननं आणि भावजयीनं घरातलं सगळं पाणी ओतून दिलं, ड्रम घासले, फरशी धुतली. "आईची निळी बादली कुठं दिसत नाही," सुमन म्हणाली. "नेली असेल कुणी," मी म्हणालो. माझं लक्ष माशाकडं होतं. म्हटलं, दहा दिवस हाही ह्याच घरात होता, म्हणजे सुतक ह्यालाही होतं. आणि कावळ्याला शब्द मी दिलेला, तर काम पण मीच केलं पाहिजे. कुणाला हात लावू दिला नाही. माशाला तांब्यात काढलं, हंडीतलं जुनं हिरवट पाणी मोरीत ओतलं, हंडी घासून लखलखीत केली आणि नळाचं थंडगार ताजं पाणी काठोकाठ भरलं. मासा सोडला आणि चंद्रकलाच्या फोटोकडं बघून म्हणालो, "बघ. तुझ्यापेक्षा चकचकीत."

तासाभरात मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला. मला वाटलं, खूश झाला. मग वाटलं, भूक लागली असेल, म्हणून चिमूटभर दाणे टाकले. चिमूट माझी. दाणे तरंगत राहिले आणि मासा कलला. काट्यावरून पोतं एका अंगावर जातं तसा. कल्ले भराभर हलत होते.

"ह्याच्याकडं बघ," सुमनला म्हणालो आणि रिक्षा करून शहागंज गाठलं.

माशांचं दुकान चिंचोळं, आत दोन्हीकडं टाक्या, आणि मधे मेंदी लावलेल्या दाढीचा दुकानदार स्टुलावर. मी सगळं सांगितलं.

"चाचा, नया पानी डाले क्या?"

"एकदम नया. आज का," मी ऐटीत म्हणालो.

त्यानं कपाळाला हात लावला. "अरे चाचा! नल के पानी में दवा रहती. अपने कू अच्छी, मछली का दम घुटता. उसकू बासी पानी होना. दो-तीन दिन धूप में रखा हुआ."

"धूप में?"

"गारखेडा से एक चाची आते यहाँ, चश्मे कू धागा बांधे हुए. उनकू पूछो, सब मालूम है उनकू."

"ती माझी बायको," मी म्हणालो. "गेली. दस दिन हुए."

तो उठला आणि त्याचं स्टूल माझ्यापुढं ठेवलं. मी बसलो. मग तो हसला, वाईट वाटून हसतात तसं.

"चाची बी पहले-पहले तीन मछली मारे, चाचा. हर बार आते और बोलते, वैसीच होना. रंग वहीच, दुम वहीच. मैं पूछा, मालक कू क्या बोलते? बोले, मालक कू बोलूच नको. मालूम पडा तो जिंदगी भर सुनाते बैठेंगे. फिर मैंच सिखाया, पानी धूप में रखो. अभी जो है ना आपके घर में, वो चौथी है."

पोत्यात खडे किती आहेत हे हात न घालता सांगणारा मी. घरातला मासा तीनदा बदलला आणि मला पत्ता नाही! मी चौथ्या माशाची सहा वर्षं पाहुण्यांना सांगत होतो आणि ती बिचारी आत जाऊन उगाच भांडी हलवत होती. "तुम्हाला नाय कळायचं" म्हणजे काय, ते मला त्या स्टुलावर कळलं. पाणी उन्हात का ठेवायचं हे सांगायचं, तर आधी तीन मेलेले मासे सांगावे लागले असते. आणि माझ्या तोंडापुढं ते सांगायची तिची छाती नव्हती.

छातीवरून आठवलं. डॉक्टर म्हणाले होते, हृदय बंद पडलं. दुखत असणार की तिच्या, आधीपासून. तेही असंच लपवलं का? मी म्हणालो असतो, "कामाचा कंटाळा आला वाटतं." म्हणालोच असतो. मला मी ठाऊक आहे.

"तुमचंच थोडं पाणी द्या," मी दुकानदाराला म्हणालो.

"आजच नया माल आया, सब टाकी में दवाई डाला. बीमार मछली कू ये पानी नको. मोहल्ले में पूछो, किसी के घर बासी पानी मिलताच." मग त्यानं एका टाकीकडं बोट दाखवलं. तिथं माझाच मासा पोहत होता. तोच रंग, तीच शेपटी. "नहीं बची तो ये ले जाओ. किसकू मालूम पडता?"

"कव्वे कू मालूम पडता," मी म्हणालो आणि निघालो. तो माझ्या पाठीकडं बघत राहिला असणार.

दिवेलागणीला गल्लीत आलो आणि दार वाजवत सुटलो. शेजारच्या कुलकर्णी वहिनी बाहेर आल्या.

"वहिनी, शिळं पाणी आहे का?"

"शिळं?" त्यांचा चेहराच उतरला. "काका, आमच्याकडं शिळं पाणी कधी नसतं. नळ आला की मी आधी सगळं ओतून देते!"

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. अशी स्वच्छ गल्ली देवानं कुणाला देऊ नये. परत आलो तर चौथ्या घरची बाई आमच्या दारात सुमनला हळूच विचारत होती, "बाबा जेवतात ना नीट?"

मासा तळाला गेला होता. कल्ला मधूनच एकदा हलायचा.

"मोठ्या पाण्यात तरी सोडला असता," सुमन म्हणाली. "पण ती मेली निळी बादलीच सापडत नाही."

त्या दिवशी वर नेली मीच, पण खाली आणली कुणी? मग जिना चढलो. माझ्या वयात जसा चढू नये तसा चढलो.

बादली कठड्याच्या कोपऱ्यात होती. फडक्यावर धूळ आणि लिंबाची चार वाळकी पानं. गाठी तिच्या होत्या, बारीक आणि घट्ट, नखानं सोडवाव्या लागल्या. दहा उन्हं खाल्लेलं पाणी. घरातलं झाडून सगळं पाणी ओतलं गेलं, तिच्या हातचं हे एवढं राहिलं होतं. ते मी खाली आणलं. अठरा पायऱ्या उतरताना तोंडातून शब्द काढला नाही.

हंडी रिकामी करून त्यात ते पाणी घातलं, मासा सोडला, उरलेलं कळशीत झाकून ठेवलं. सुमननं दाण्यांची डबी उचलून उंच फळीवर ठेवली.

"आई म्हणायची, तुमच्या चिमटीत..."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. मग विचारलं, "तीन मासे मेले होते, तुला माहीत होतं?"

ती खाली बघायला लागली. "बाबांना सांगू नको म्हणाली होती. कशानं मेले, ते नव्हती बोलली."

"आणि छातीचं?"

"नाही बाबा. ते मलाही नाही सांगितलं."

सकाळी उठलो आणि हंडीकडं बघितलंच नाही. मासा मेलेला दिसला असता तर बादली वर न्यायला कारण उरलं नसतं, आणि मला ती न्यायची होती. ड्रममधल्या ताज्या पाण्यानं निळी बादली भरली आणि जिना धरला. पाचव्या पायरीला थोडं सांडलं. मागून कुणी काही म्हणालं नाही. मग मी शिव्या सुरू केल्या. वर कोपऱ्यात ऊन आलेलं होतं, तिथं बादली टेकवली, हळू, आणि लुगड्याचं फडकं ताणून बांधलं. गाठ तिच्यासारखी आली नाही. दोनदा सुटली.

खाली येऊन हंडीपुढं उभा राहिलो. मासा थोडा तिरका, पण वर होता. काचेला तोंड लावून माझ्याकडं बघत होता.

"बघतो काय?" मी म्हणालो. "अठरा पायऱ्या आहेत."