खालच्या घाटावरचं कोकरू

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही – आणि त्यानं कधी विचारलंही नाही. तुम्हाला सांगते.

तेव्हा मी मारेगावजवळच्या एका खेड्यात शाळेत शिकवत होते. गॅदरिंगला मुलांच्या गोष्टी बसवायचं काम माझ्याकडे असे. लांडगा आणि कोकरू ही ग्रीकांची जुनी गोष्ट मी इंग्रजीत वाचली होती. लांडगा ओढ्याच्या वरच्या अंगाला, कोकरू खालच्या. तरी लांडगा म्हणतो, माझं पाणी तूच गढूळ केलंस. मी ती मराठीत आणली. पण पुस्तकी मराठीतली गोष्ट मुलं घोकतात, सांगत नाहीत. म्हणून वऱ्हाडीत केली. ओढ्याच्या जागी गावचा नाला घातला – वरचा घाट, खालचा घाट.

वरच्या घाटावर कोण पाणी भरतं आणि खालच्या घाटावर कोणी भरायचं, हे मला माहीत नव्हतं? रोज बघत होते. पण झकास जमलं, असं वाटलं – बस, एवढंच.

गोष्ट दिली शांताला. तिच्या घरच्यांनी नुकताच बौद्ध धर्म घेतला होता. पाणी मात्र अजून खालच्याच घाटाचं. पोरीचा आवाज खणखणीत. कोकराचं उत्तर तिनं ठणकावून दिलं, "मी त खालच्या घाटावर आहो जी! खालचं पाणी वर कसं चढन?"

मागून कोणीतरी ओरडलं, "सांगा ना जी पाटील, कसं चढन?"

माणसं हसली. पुढच्या खुर्चीवरचे पाटील हसले नाहीत.

पडद्यामागे हेडमास्तरांनी विचारलं, हे घाट कोणी घातले? शांतानं माझ्याकडे पाहिलं. बोलले मी. म्हणाले, "मी पुस्तकातली गोष्ट दिली होती. घाट-बिट हिच्या मनचे."

"हिच्या नसतील तर हिच्या बापाच्या मनचे," हेडमास्तर म्हणाले.

गोष्टीत लांडगा शेवटी हेच म्हणतो – तू नाही तर तुझा बाप. ते वाक्य मीच मराठीत आणलं होतं, मग ओळखणार नाही? ओळखलं. आणि मान हलवली.

शांताचा बाप पाटलांच्या शेतात कामाला होता. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. शांता शाळा सोडून आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली. पुढे ती माणसं उमरखेडकडे गेली, असं ऐकलं. जाण्याआधी बाप शाळेत आला होता. हात जोडून मला म्हणाला, "बाई, पोरीचं चुकलं. पण हे तिले कोनं शिकवलं, ते मारलं तरी सांगत नाही."

मी तेव्हाही सांगितलं नाही.

ती गोष्ट मी अजून दर वर्षी वर्गात सांगते – पुस्तकी मराठीत. तिच्यात ओढा असतो. घाट नसतात.