मावशींच्या डाव्या हाताला

अनोळखी माणूस असा जगात कोणी असतो, हेच आमच्या घरमालकीण मावशींना मान्य नव्हतं. सत्त्याण्णव साली एका शाळेत खो-खोची प्रशिक्षक म्हणून मी मिरजेहून नाशकात आले आणि मखमलाबादला त्यांच्या मळ्यातल्या दोन खोल्यांत राहू लागले. सव्वीस वर्षांची होते, घर पहिल्यांदाच सोडलं होतं. मैदानावर मुली मला घाबरायच्या आणि मैदान सुटलं की माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. पहिल्याच रविवारी उजाडता उजाडता मावशींनी दार वाजवलं. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, पायात मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट. "मॅडम, चला. रामशेजला जाऊन येऊ." किती लांब आहे, विचारलं तर म्हणाल्या, "हे काय, आलंच." हेच उत्तर त्यांनी फाटकापाशी दिलं, अर्ध्या चढावर दिलं आणि माझी पार दमछाक झाली तेव्हाही दिलं. उतरेपर्यंत मी 'मॅडम'ची 'पोरी' झाले होते.

मावशी तेव्हा पंचावन्नच्या आसपास होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मळा मुलगा बघायचा. आठवडाभर त्या झेंडू-शेवंती तोडायच्या आणि रविवारी डोंगर चढायच्या. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "सहा दिस वाकून फुलं तोडायची. एक दिस तरी मान वर करून चालावं माणसानं." वाटेत भेटेल त्याला गाव, आडनाव, आईचं माहेर विचारत आणि पाच मिनिटांत काहीतरी नातं जुळवून टाकत. अंजनेरीवर एकदा एक तरुण एकटाच बिस्किटं खात बसला होता. अंबडच्या कारखान्यात लेथवर टर्नर होता. मावशींनी त्याच्या हातातला पुडा काढून घेतला, भाकरी-ठेचा ठेवला आणि विचारलं, "असा कोपऱ्यात काय खातोस? कोण वारलंय का तुझं?" तो म्हणाला, "आई. मागच्या महिन्यात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी उन्हं कलेपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहिल्या. पुढच्या रविवारी तो स्कूटर घेऊन फाटकाशी हजर. तेव्हापासून आम्ही तिघं.

त्यांचा एक नेम मात्र कडक होता. चालताना मी त्यांच्या डाव्या हाताला असलं पाहिजे. चुकून उजवीकडे आले तर त्या थांबून राहायच्या. मी तो त्यांचा लहरीपणा समजत होते.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही हरिहर गडावर गेलो. तिथल्या पायऱ्या उभ्या कातळात खोदलेल्या, हात रुतवायला खोबण्या. चढताना काही झालं नाही. उतरताना कातळाकडे तोंड करून उतरावं लागतं. खाली मी, मध्ये मावशी, वर टर्नर. एका पायरीवर मावशींचा डावा पाय पायरी सोडून बाहेर गेला आणि हवेतच चाचपडू लागला. मी घोटा धरला, पाय पायरीवर टेकवला. मग प्रत्येक पायरीला तेच. खाली पोचल्यावर मी विचारलं, पाय असा का चुकतोय. त्या शांतपणे म्हणाल्या,

"डाव्या डोळ्यानं दिसत नाय. काचबिंदू हाय. शिबिरात सांगितलं होतं डॉक्टरनं."

"घरी माहीत आहे?"

"नाय. आन् तू सांगायचं नाय. सांगितलंस तर माझा डोंगर संपला."

मी चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी मळ्यात जाऊन त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं. त्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. डावा डोळा गेलेलाच होता; औषधानं उजवा काही वर्षं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. डोंगर बंद झाले आणि मावशींचं माझ्याशी बोलणंही. सणाचं ताट यायचं ते सुनेच्या हाती, झाकून. दीड महिना असा गेला. मी दुसरी खोली शोधायला लागले, तेव्हा टर्नर म्हणाला, "ताई, जाऊ नका. रागावल्यात, पण ताट बंद केलेलं नाही."

एका रविवारी त्या स्वतःच दारात उभ्या राहिल्या. "रामशेजला येतेस का? पोराला विचारलंय मी." अर्धा चढ चढून झाला. मग एका दगडावर टेकल्या. "सांगितलंस ते बरं केलंस. पण आधी मला म्हणायचं होतंस, मी सांगणार हाय म्हणून. पाठीमागं केलंस, ते लय लागलं."

"चुकलं माझं, मावशी."

"हं," म्हणाल्या आणि उठण्यासाठी हात पुढे केला.

त्यानंतर नऊ-दहा वर्षं आम्ही सोपे डोंगर चढत राहिलो. हळूहळू उजवा डोळाही मंदावला, रस्ते लहान झाले, शेवटी मळ्याच्या बांधापर्यंतच फेरी व्हायची. मग आईच्या आजारपणामुळे मला मिरजेला परतावं लागलं. निघताना मी पाया पडले तेव्हा त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. "रडू नको," त्या म्हणाल्या. "तू आलीस तेव्हा जशी होतीस, तशीच दिसतेस मला. आता माझ्यासाठी तू कधी म्हातारी व्हायची नाहीस."

आता महिन्या-दोन महिन्यांनी फोन होतो. जेवलीस का, तुझ्या खो-खोच्या पोरी शिकतात का, विचारतात. माझ्या कानांवरचे केस पिकलेत. ते मी त्यांना सांगितलेलं नाही.