तळाला चिकटलेल्या पेशी
हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, पण काल बिबवेवाडीत रक्त तपासायला दिलं तेव्हा हाताला लावलेल्या स्पिरिटचा वास आला आणि आमच्या प्रयोगशाळेतली ती विदर्भातली विद्यार्थिनी डोळ्यांसमोर उभी राहिली. उंदराच्या अस्थिमज्जेतल्या बी पेशी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रतिपिंडं पुढे जिच्यातून बनतात ती जात, आम्ही काचेच्या बशीत वाढवू पाहत होतो आणि त्या दर वेळी मरत होत्या. बशीच्या तळाला मज्जेतल्याच दुसऱ्या पेशी चिकटायच्या. मला तो मळ वाटे, म्हणून तो काढून टाकायचाच, असा माझा दंडक होता. "सर, त्या राहू द्या ना. त्यांच्या आधारानेच बी पेशी जगतील, असं वाटतंय," ती म्हणाली. मी आधीच वैतागलेलो होतो. "अहो, वाटतंय म्हणजे? पेशी सांगून गेल्या का आपल्याला? आपले हातच स्वच्छ नाहीत." सगळे हसले. त्यानंतर ती कातडी सोलवटेपर्यंत हात स्पिरिटने पुसायची, आणि तरीही पेशी मरायच्या. शेवटी ती संशोधन सोडून गेली. पुढे एकदा कंटाळून मी एक बशी तशीच राहू दिली, आणि तळाच्या त्या चिकट थरावर बी पेशी वाढल्या. मी विश्रांतवाडीला तिच्या घरी गेलो. ती शिकवण्या घेत होती. चहा पुढे करत म्हणाली, "तुमचं बरोबर होतं, सर. माझे हातच त्या कामाचे नव्हते." मी त्या हातांकडे पाहिलं आणि म्हणालो, चहा छान झालाय.