मुखपृष्ठावरच्या कौसाबाई

आमच्या संस्थेचे अहवाल कधी वेळेवर जात नाहीत, किस्से मात्र न सांगता साठत जातात. पाथर्डीत स्टँडमागे दोन खोल्या, बाहेर 'लोकशाही व सामाजिक न्याय' अशी पाटी आणि आत अहवाल लिहिणारा मी. ग्रँट दिल्लीच्या एका फाउंडेशनची.

त्यांच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: विषमता कधीपर्यंत कमी होईल? आमच्या संचालकांनी, म्हणजे सरांनी, ग्रँट संपते तोच महिना लिहिला. उलट मेल आला, एक तिमाही अलीकडे घेता येईल का? सर म्हणाले, "घेऊ की. दिवाळीची सुट्टी कमी करू."

मग 'सहभागी लोकशाही'चं शिबिर झालं. सर सलग तीन तास बोलले. जामखेडच्या एका बाईंनी हात वर केला, तर प्रश्न शेवटी घेऊ म्हणाले. शेवटी जेवण होतं! अहवालात मी 'मुक्त चर्चा' असं लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं.

कौसाबाई ऊसतोडीला जातात. रेशन दुकानात अंगठा द्यायच्या वेळी त्या कारखान्यावर होत्या, म्हणून कार्डावरून नाव उडालं, धान्य बंद. अर्ज घेऊन त्या आमच्याकडे आल्या. आम्ही काय केलं? त्यांचा फोटो काढला आणि अहवालाच्या गुळगुळीत मुखपृष्ठावर छापला. अर्ज फायलीतच राहिला. फाउंडेशनला 'व्यवस्थेतला बदल' हवा होता, एका बाईचे गहू त्यात बसत नव्हते. त्या पुन्हा पुन्हा विचारायला यायच्या. एकदा सरांनी त्यांना अहवालाची एक प्रत भेट दिली.

परवा फाउंडेशनच्या मॅडम पाहणीला आल्या. पुढची ग्रँट त्यावर ठरणार होती, आणि कौसाबाईंनी आपली कहाणी सांगायची होती. सकाळी त्या आल्या त्या हातात कार्ड घेऊनच. नाव चढलं होतं! सरांचा चेहरा पडला. आजच्या दिवस कार्ड पिशवीत ठेवा, मॅडम गेल्यावर काढा, म्हणाले. कौसाबाईंनी ठेवलं.

कहाणी ऐकून मॅडमचे डोळे भरले. आम्ही तुमच्यासाठी काय करू, असं त्यांनी विचारलं. कौसाबाईंनी पिशवीतून कार्ड काढलं आणि शेजारी आमचा अहवाल ठेवला.

"माझं झालं, बाई. ह्ये पुस्तक घिऊन तहसीलात गेल्ते. सायबानं वरचा फोटू बघितला, बसाया खुर्ची दिली, दोन दिसात नाव चढवलं. आता आमच्या वस्तीवरल्या हिराबाईचा फोटू टाकून असंच एक काढा. आत काय बी लिवू नका. तितं कोनी उघडून बघत न्हाई."