दुहेरी घडीचा रुमाल

“गळ्याला रुमाल बांध. दुहेरी घडी घालून.”

आमच्या मुख्य बाई हळूच बोलल्या, पण वर्गातल्या अकराही जणींनी ऐकलं. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बी.ए. होऊन मी नगरला लहान बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण घेत होते. काष्टीच्या महारवाड्यातली पहिली पदवीधर. आई बाजारात ज्याची ओळख ना पाळख, त्यालाही सांगायची, “माझी पोर मास्तरीन व्हनार हाय, मुक्या लेकरांची.”

या कामात हात हाच कान. मूल समोर बसवायचं. त्याचा एक हात आपल्या गळ्यावर, दुसरा त्याच्या स्वतःच्या. आपण आवाज काढायचा. गळा थरथरतो ते बोटांना कळतं, मग मूल आपला गळा तसाच थरथरवायला बघतं.

माझ्या वाट्याला सुमन आली. चार वर्षांची, बेलापूरकडच्या बागायतदाराची. तिची आई रोज भिंतीला टेकून बसायची. पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडं बोट करून बाईंना विचारलं, “ही कुनाची?” बाईंनी माझी जात सांगितली.

“मग आमच्या पोरीचा हात तिच्या गळ्याला न्हाई लावायचा. घरी काय सांगू मी?”

म्हणून रुमाल. बाई म्हणाल्या, “त्यांचंही मन राहील, तुझंही वर्ष वाचेल.”

अन् मी बांधला. थू माझ्या जिंदगीवर! पदवीचा कागद ट्रंकेत, आणि गाठ माझ्याच हातची. तीन आठवडे. मी ‘आ’ म्हणायचे, सुमन माझ्या तोंडाकडं बघून नुसताच जबडा उघडायची. आवाज नाही. दुहेरी कापडातून तिला काय कळणार, कप्पाळ? एकदा तिची बोटं रुमालाखाली शिरली. तिची आई खाकरली. मी मान मागं घेतली. मी! पोरीला वाटलं, आपलंच चुकलं. तिनं आपल्याच हातावर चापट मारून घेतली.

ती चापट मला अजून ऐकू येते. भाकरी थापताना हात मधेच थांबतो. घरात कुणाला सांगत नाही.

तीन आठवड्यांनी बाईंनी नोंदवहीत सुमनच्या पानावर लिहिलं, ‘मंदबुद्धी. वर्गास अयोग्य.’ माझ्या परीक्षेच्या शेवटच्या पाठानंतर तिला घरी धाडायचं ठरलं. मी म्हणाले, “बाई, पोरगी हुशार आहे. हे रुमालामुळं होतंय.” बाई म्हणाल्या, “तू आपला पाठ बघ.”

त्या पाठाला बाहेरचे परीक्षक आले होते. सुमन समोर बसली. मी गाठ सोडली. रुमाल बाकावर ठेवला. तिचा हात धरून उघड्या गळ्यावर दाबला आणि ‘आ’ म्हणाले.

पोरीचे डोळे एवढाले झाले. तिनं बोटं रुतवली. दुसऱ्या हाताखाली तिचा गळा हलला आणि आवाज आला. घोगरा, वाकडातिकडा, मोठ्ठा. “आ!”

तिची आई ते ऐकून रडली. रडत रडतच उठली आणि पोरीला दंडाला धरून बाहेर ओढत नेलं. नळ सोडल्याचं ऐकू आलं. ती पोरीचे हात धूत होती. आणि सुमन नळापाशीही ‘आ, आ’ करत होती. त्यानंतर ती वर्गात आली नाही. तिचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही.

दुपारी बाईंनी कोरा कागद पुढं केला. “माफी लिहून दे. मी तुझा पाठ पास करून घेते. आईचा तरी विचार कर.”

आईचाच विचार केला. बाईंपुढं माझ्या बोलीची लाज वाटायची, तीही आता राहिली नाही. कागद परत सरकवला.

“माफी सुमनची मागायची हाय. तीन आठवडे तुमचं ऐकलं, त्याची. तुमची न्हाई, तिच्या आईची बी न्हाई. करा नापास. पुढल्या वर्षी परत येते. गळा हाच असंल, आन् उघडा असंल.”